टीमचा विचार की आपला?

अमेरिकन फुटबॉलमध्ये मला मॅचपेक्षा ड्राफ्टवरची भांडणं जास्त आवडतात. दर एप्रिलमध्ये एनएफएलच्या टीम्स कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात आणि फॅन्स एकमेकांचा गळा धरतात!

२०२० चंच घ्या ना. ग्रीन बे पॅकर्स सुपर बोलपासून एक मॅच दूर राहिलेले. फॅन्सना हवा होता पास झेलणारा तगडा रिसीव्हर. टीमने २६व्या नंबरवर उचलला जॉर्डन लव्ह. म्हणजे अ‍ॅरन रॉजर्स असताना आणखी एक क्वार्टरबॅक! २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह असताना रॉजर्सलाही असंच आणलं होतं. तोही तीन वर्षं बेंचवरच.

रॉजर्स पुढे सलग दोनदा एमव्हीपी झाला, पण सुपर बोल काही आला नाही. २०२३ मध्ये तो जेट्सकडे गेला, लव्हने त्याच सीझनला टीम प्लेऑफमध्ये नेली. मग बरोबर कोण? वाद चालूच.

मी रॉजर्सच्या बाजूची. एका नोकरीत ‘जरा शिकव हिला’ म्हणून शेजारी नवी मुलगी बसवली. मी शिकवलं. तीन महिन्यांत माझं पान तिच्याकडे, मी फ्रीलान्स. टीमचं भलं झालंही असेल हो. पण आपण फॅन नसतो तिथे, खेळाडू असतो.