आधी मेन स्विच

घरातील वीज गेली की तुम्ही काय करता? बहुधा प्रथम शेजारच्या खिडकीकडे पाहता. तेथे दिवा असेल तर दोष आपल्या घरात. मग फ्यूज, एमसीबी, मेन स्विच तपासायचे. तेथेही अंधार असेल तर दोष बाहेरचा आणि आपले काम संपले, असे मी अनेक वर्षे समजत होतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. किहीमच्या आमच्या वाडीतील माड-पोफळी उन्मळल्या, विजेचे खांब वाकले. दिवसामागून दिवस अंधारात गेले. विहिरीत पाणी होते, पण पंप बंद. आई अंथरुणाला खिळलेली. अखेर मी भाड्याने जनरेटर आणला आणि त्याची वायर घरच्या बोर्डाला जोडू लागलो. तोच गावातल्या वायरमनने माझा हात धरला.

"दादा, मेन बंद केलात?"

"लाइनच नाही, तर बंद काय करायचे?"

"खांबावर आमची पोरं चढलीत!"

त्याने समजावले ते तुम्हीही ध्यानात ठेवा. रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घराला २३० व्होल्ट पुरवते. घराकडून उलटा प्रवाह शिरला, तर तेच रोहित्र दाब पुन्हा चढवते. बंद समजून हाती धरलेली तार माझ्या जनरेटरमुळे जिवंत झाली असती.

मी मेन बंद केला. पंप बोर्डातून न चालवता थेट जनरेटरला जोडला. आईला पाणी मिळाले. आता वीज गेली की मी शेजारच्या खिडकीकडे पाहतो. आणि मग खांबाकडेही.