वजन सारखं, आग निराळी

शंभर यार्डांवर दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ५० फुटांचा फरक असला, तरी त्या जवळजवळ एकाच भोकातून जातात. हजार यार्डांवर तो फरक लपत नाही. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसात वेग दहा फुटांनी बदलला, की गोळी साधारण तीन इंच वर किंवा खाली लागते. वारा नीट वाचलेला, श्वास स्थिर, ट्रिगर हळुवार दाबलेला. आणि तरीही गोळी मध्यबिंदू सोडून जाते. इथे ओहायोत मी माझी काडतुसं स्वतः भरतो, ती या शेवटच्या फरकासाठी.

या छंदात येणारा प्रत्येक जण आधी पावडर तोलणाऱ्या तराजूवर भर देतो. ते चुकीचं नाही. या काडतुसात पावडर ग्रेनच्या दहाव्या भागाने कमी-जास्त झाली, की वेग सेकंदाला पाचेक फूट हलतो, आणि ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम. पण वजन तंतोतंत जुळूनही गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरचे आकडे विखुरलेले दिसतात, तेव्हा उत्तर पावडरच्या डब्यात शोधावं लागतं.

पहिली गोष्ट दाण्याच्या आकाराची. बॉल पावडरचे गोल, गुळगुळीत दाणे मापातून पाण्यासारखे वाहतात. दर वेळी जवळपास तेवढंच वजन. काडीसारख्या दाण्यांची पावडर मापात अडकते, पात्याखाली कटकन तुटते. मोजायला सोपी ती पहिली, पण रायफलमध्ये अनेकदा एकसारखी जळते ती दुसरी. काडीच्या दाण्याला मधोमध आरपार छिद्र असतं. बाहेरून जळताना त्याचा पृष्ठभाग आकसतो, तर आतून छिद्र रुंदावत जातं. म्हणून जळणारं एकूण क्षेत्र बराच वेळ टिकून राहतं. गोल दाणा जळताना फक्त लहानच होतो, म्हणून त्याच्या जळण्याचा वेग आवरायला रासायनिक लेपावर जास्त भिस्त ठेवावी लागते. तो लेप पावडर पेटवणाऱ्या प्रायमरच्या ठिणगीलाही चटकन दाद देत नाही, आणि थंडीत ते अधिकच जाणवतं.

दुसरी गोष्ट जळण्याच्या गतीची. भुशाचा भडका आणि बाभळीच्या ओंडक्याची धग यांत जो फरक, तोच जलद आणि मंद पावडरमध्ये. केसची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची, क्षमता आणि गोळीचं वजन यांना साजेशी मंद पावडर निवडली, की केस जवळजवळ भरते. जलद पावडर थोडीच लागते आणि केसमध्ये पोकळी उरते. रायफल खाली झुकली तर पावडर गोळीकडे सरकते, वर उचलली तर प्रायमरकडे. दाणे कुठे पडले आहेत यावर पेट घेणं बदलतं, आणि त्याबरोबर वेगही. भरलेल्या केसमध्ये दाण्यांना हलायला जागाच नसते.

तिसरी गोष्ट तापमान. फेब्रुवारीत जुळवलेलं काडतूस जुलैच्या उन्हात वेगळं वागतं. तापलेल्या चेंबरात ते जरा जास्त वेळ राहिलं तरी वेग चढतो. ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथे बनणाऱ्या व्हारगेट आणि एच-४३५० या पावडरींवर लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा जीव आहे, तो मुख्यतः त्या तापमानाने फारशा हलत नाहीत म्हणून.

निवड पारखायची तर धीर हवा. पाच गोळ्यांवरून काढलेलं वेगाचं प्रमाण विचलन सेकंदाला १० फूट आलं, तर खरं विचलन ६ ते २९ यांत कुठेही असू शकतं. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं. वीस गोळ्यांनंतर तोच पट्टा साधारण ८ ते १५ वर येतो. म्हणून पाच गोळ्यांच्या सुंदर आकड्यावर मी पावडर ठरवत नाही.

टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असतो. सुरुवात पावडर बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतल्या किमान मापापासून होते, आणि एका पावडरचं माप दुसरीला कधीच लावलं जात नाही. जी शिस्त जीव सांभाळते, तीच वेगही सांभाळते. तराजू माझी काळजी मोजतो, पावडरची वृत्ती त्याला मोजता येत नाही. ती ओळखून निवडली, तर वजनातला किंचित फरक हजार यार्डांवरही खपतो. ती न जुळणारी निवडली, तर एकेक दाणा मोजूनही लक्ष्यावर वर-खाली विखुरलेल्या गोळ्यांची उभी रेघ आखडत नाही.