मांडी, पट्टा आणि नातवंडाचा विमानप्रवास

डिसेंबर आणि मे हे दोन महिने जवळ आले की जुहूतील माझ्या दवाखान्यात एका निराळ्या चौकशीला सुरुवात होते. रक्तदाब तपासून होतो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून होते आणि खुर्चीतून उठता उठता आजी थांबतात. "डॉक्टर, नातू येतोय अमेरिकेहून. मुलगी म्हणते, त्याची कार सीट विमानात सोबत आणणार, त्याच्यासाठी वेगळे तिकीटही काढणार. एवढे ओझे कशाला? आमची मांडी आहे ना?" या प्रश्नात नातवंडाचे कौतुक असते आणि थोडा रुसवाही असतो. आपण वाढवलेली मुले मांडीवरच मोठी झाली. मग आता मांडी अपुरी कशी पडली, हा त्यामागचा खरा सवाल. तो गैर नाही. म्हणूनच त्याचे उत्तर शांतपणे द्यायला हवे.

जुहूला विमानाचे अप्रूप नाही. येथील विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. आज येथून हेलिकॉप्टरे उडतात. सांताक्रूझहून निघालेली मोठी विमाने मात्र आमच्या डोक्यावरून समुद्राकडे झेपावतात. त्या काळी पत्रे आणणारे विमान आता घरोघरची नातवंडे आणते. ती विमानात कशी बसतात, याचा विचार आपल्याकडे अजून फारसा होत नाही.

मांडीची मर्यादा

दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला मांडीवर बसवून नेण्याची मुभा बहुतेक सर्व देशांत आहे. दोन वर्षे झाली की स्वतंत्र आसन घ्यावे लागते. ही मर्यादा तिकिटाच्या हिशेबाची आहे. तेवीस महिन्यांच्या मुलाला मांडी सुरक्षित आणि पंचवीस महिन्यांच्या मुलाला असुरक्षित, असे शरीरशास्त्र सांगत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकाएकी आदळून थांबली, तर दहा किलो वजनाचे मूल त्या क्षणापुरते शंभर-दीडशे किलोंहूनही अधिक भाराने पुढे फेकले जाते. तो भार कोणत्याही आईचे हात पेलू शकत नाहीत. मग संधिवाताने आखडलेल्या आजीच्या बोटांची काय कथा! मायेत काही उणे नसते. उणे पडते ते स्नायूंचे बळ. विमानात असा आघात फार क्वचित होतो, पण हवेतील हेलकावे मात्र नित्याचे आहेत. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान उतरण्याच्या सुमारास तीव्र हेलकाव्यांत सापडले आणि अनेक प्रवासी जखमी झाले. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाबाबत तेथील तपास यंत्रणेने प्राथमिक अहवालात नोंदवले की, पाच सेकंदांहूनही कमी वेळात ते १७८ फूट खाली आले. पट्टा न लावलेली माणसे छताकडे उचलली गेली आणि लगेच खाली आपटली. मांडीवरचे मूल म्हणजे पट्टा न लावलेले माणूसच होय.

या विषयावरील जगभरच्या चर्चेला एका अपघाताने तोंड फुटले. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला जाणारे युनायटेड एअरलाइन्सचे विमान अमेरिकेतील सू सिटी येथे कोसळले. विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण आश्चर्यकारकरीत्या वाचले. मांडीवर प्रवास करणारी चार मुले त्यात होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे पालकांनी त्यांना पायांजवळ जमिनीवर धरून ठेवले होते. त्यांपैकी एक मूल दगावले. विमानातील प्रमुख परिचारिका जॅन ब्राऊन यांनी ती सूचना स्वतः दिली होती. पुढे अनेक वर्षे त्यांनी प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन आणि पट्टा मिळावा म्हणून पाठपुरावा केला. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी मंडळानेही तशी शिफारस केली.

तरीही अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सक्ती केली नाही. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तान्ह्या मुलाचे तिकीट सक्तीचे झाले, तर खर्च टाळण्यासाठी काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा कितीतरी अधिक असल्याने एकूण मृत्यू वाढतील, असे त्यांचे म्हणणे. स्वतंत्र सीट वापरावी, असा आग्रह मात्र तेही धरतात.

या युक्तिवादात आपल्यासाठी एक धडा आहे. नातवंडाच्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा समुद्रावरून जाणारा नसून विमानतळापासून घरापर्यंतचा असतो. सोळा तास पट्ट्यात बसलेले मूल सहारला उतरते आणि पुण्याच्या टॅक्सीत आजीच्या मांडीवर जाते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसले की सुरक्षित, हा आपला समज त्या दिवशी पुरता उघडा पडला. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न वापरता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. सीट विमानात सोबत असेल, तर ती टॅक्सीतही हाताशी राहते. ती आणण्याचा मोठा लाभ मला येथेच दिसतो.

घरातला अनुभव

गेल्या वर्षी माझी मुलगी वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. परतताना मी तिच्यासोबत नेवार्कपर्यंत गेले. नातवासाठी वेगळे तिकीट काढल्याचे ऐकून माझ्या सासूबाई नाराज झाल्या. त्यांनी ऐंशी पार केली आहे. "तुझ्या नवऱ्याला मी देवगडहून बोटीने मांडीवर आणला होता. त्याला काय झाले?" असे त्यांनी मला सुनावले. त्या प्रवासाची त्यांची आठवण पक्की आहे. भाऊच्या धक्क्यावर उतरेपर्यंत पाठीला लागलेली कळ त्या आजही सांगतात. मी म्हटले, "आई, ती सीट जितकी त्याच्यासाठी, तितकीच माझ्यासाठीही आहे. माझी पाठ आता बोटीतल्या तुमच्या पाठीइतकी तरुण नाही." त्या हसल्या, पण पटल्याचे काही त्यांनी दाखवले नाही.

विमानतळावर खिडकीवरील कर्मचाऱ्याने सीट सामानात टाकायला सांगितली. मुलीने सीटवरील लाल अक्षरांतील मजकूर दाखवला आणि विमान कंपनीने आधी पाठवलेले संमतीचे पत्र पुढे केले. दहा मिनिटांत प्रश्न मिटला. ते पत्र हाताशी नसते, तर सीट गेली असती मालाच्या कप्प्यात.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी विमान हेलकावू लागले. पट्टे लावण्याची सूचना झाली. पुढच्या रांगेतील एका आईला पाळण्यात झोपलेले तान्हे उचलून घ्यावे लागले, कारण अशा वेळी विमानातील पाळणा वापरता येत नाही. ते बाळ रडू लागले आणि आईचा चेहरा उतरला. आमचा नातू मात्र आपल्या ओळखीच्या सीटमध्ये मान टेकवून झोपला होता. मी माझा पट्टा आवळला आणि एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. धरून ठेवण्यासाठी नव्हे, नुसताच ठेवला. त्या अर्ध्या तासात मला सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जे काम पट्ट्याचे आहे ते पट्ट्याने केले, म्हणून माझा हात मायेपुरता मोकळा राहिला.

नेवार्कहून फोन केला तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "पट्टा काचला नाही ना त्याला?"

निवड करताना

सर्वप्रथम मजकूर वाचावा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर ती मोटार आणि विमान या दोहोंसाठी प्रमाणित असल्याचे लाल अक्षरांत छापलेले असते. भारतात किंवा युरोपात घेतलेल्या सीटवर तो मजकूर असेलच असे नाही. तेव्हा कोणती सीट चालेल हे विमान कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी. परतीच्या प्रवासात दुसरी कंपनी असेल, तर तिलाही विचारावे. विमानातील आसने अरुंद असल्याने सुमारे १६ इंचांहून रुंद सीट बसणे कठीण जाते.

नुसते उंच बसवणारे बूस्टर उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी चालत नाही. ते मोटारीच्या खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर अवलंबून असते आणि विमानात पट्टा केवळ कमरेचा असतो. सीटला स्वतःचे खांद्यांवरचे आणि कमरेचे पट्टे हवेत.

अवजड सीट नेणे शक्यच नसेल, तर केअर्स नावाचे पट्ट्यांचे साधन मिळते. विमानाच्याच आसनाला ते बांधता येते. अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळालेले हे साधन साधारण १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी आहे आणि त्याचे वजन अर्धा किलोच्या आसपास असते. मात्र ते मोटारीत वापरता येत नाही. टॅक्सीची सोय वेगळी करावी लागते.

शेजाऱ्यांकडून आणलेली जुनी सीट घेताना तिला अपघाताचा धक्का बसलेला नाही, याची खात्री करावी. उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत सीटवर किंवा तिच्या पुस्तिकेत दिलेली असते.

वापर करताना

सीट खिडकीजवळ लावावी, म्हणजे संकटकाळी कोणाची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत ती लावता येत नाही. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. म्हणून सीटवर दिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत बाळाचे तोंड मागे करून बसवावे. आघात झाला तर तो संपूर्ण पाठीवर विभागला जातो. तोंड मागे असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, आणि तोंड पुढे असताना पातळीवर किंवा किंचित वर असावेत. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. जाड कोट घालून पट्टा लावू नये. कोट दबतो आणि पट्टा ढिला पडतो. थंडी असेल तर पट्टे लावून वरून शाल घालावी.

विमान उतरताना कान दुखतात. बाळाला बाहेर न काढता सीटमध्येच बाटली, पाण्याचा पेला किंवा खाऊ द्यावा. गिळण्याने कानातील दाब सुटतो. बाळ झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजू नये. काही मुले त्याने उलट चिडचिडी होतात आणि श्वास मंदावण्याची भीतीही असते. घरी पोचल्यावर झोपलेल्या तान्ह्याला सीटमध्येच राहू देऊ नये; हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग दबू शकतो. त्याला सपाट अंथरुणावर निजवावे.

आता आजी-आजोबांसाठी. सीटचे वजन चार ते दहा किलो असू शकते. गुडघे किंवा मणका दुखत असेल, तर ती उचलण्याचा हट्ट धरू नका. चाकांच्या खुर्चीची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा. सीट बांधण्यासाठी चाकांची छोटी गाडी मिळते. बक्कल बरेच घट्ट असते. प्रवासाआधी आठवडाभर घरी ते लावण्या-सोडवण्याचा सराव करा. अंगठ्यात जोर नसेल तर तसे मुलीला किंवा सुनेला स्पष्ट सांगा. यात कमीपणा नाही. बाळाला खिडकीपाशी बसवून आपण मार्गिकेकडे बसावे. मूल स्वतःच्या जागी असले की आपल्याला उठून चार पावले चालता येते, वेळच्या वेळी गोळ्या घेता येतात, स्वच्छतागृहात जाता येते. लांबच्या प्रवासात पायांतील रक्त साकळू नये म्हणून हे चालणे आवश्यकच आहे.

प्रत्येक घराला जादा तिकीट परवडेल असे नाही, हे मी जाणते. ते शक्य नसेल, तर अनेक कंपन्या देतात तो बाळाचा जोडपट्टा मागून घ्यावा. तो पूर्ण संरक्षण देत नाही, पण बाळ हातातून उडून जाणे टळते. आणि त्या वेळी सीट सामानात का होईना, सोबत न्यावी किंवा उतरण्याच्या ठिकाणी तयार ठेवावी. घरापर्यंतच्या रस्त्यासाठी तरी ती हवीच. मांडी कायमची आपलीच आहे; चाके थांबेपर्यंत तेवढी तिला विश्रांती द्यावी.