हिमनदीचा जमाखर्च

आमच्या कोंकणी मायबोलीत बर्फाला ‘झेल’ म्हणतात आणि तो शब्दही पोर्तुगीजांच्या भाषेतून आलेला! ज्या भूमीवर हिम कधी पडले नाही, तिला त्यासाठी स्वतःचा शब्द कोठून असावा? मग सुर्ल्याच्या मुलांनी हिमनदीचा पाठ का शिकावा, असा प्रश्न कोणासही पडेल.

विद्यार्थिमित्रहो, त्याचे उत्तर गोव्यातच आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ साली हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या दुर्गम प्रदेशात, १३,५०० फुटांहून अधिक उंचीवर, ‘हिमांश’ हे केंद्र उभारले. समुद्रकाठची ही माणसे विरळ हवेत, उघड्याबोडक्या डोंगरांतून चालत सुत्री ढाका, बातल अशा हिमनद्यांवर पोहोचतात आणि बर्फात खोल भोके पाडून बांबू रोवतात. उन्हाळा सरताना बांबू जितका उघडा पडेल, तितका बर्फ वितळला असे समजावे. हिवाळ्यात साचले ते जमा, उन्हाळ्यात वितळले ते खर्च. तेथील खर्च आता जमेहून वाढला आहे आणि हिमनद्या मागे सरत आहेत.

या बर्फावर धुळीचा पातळ थर बसला की तो ऊन शोषून घेतो व बर्फ लवकर वितळतो; दगडमातीचा जाड थर मात्र पांघरुणासारखा बर्फ राखतो. याच हिमनद्यांचे पाणी घेऊन चंद्रा नदी तांदी येथे भागेस मिळते आणि तिची चंद्रभागा होते. पंढरीच्या वाळवंटामुळे आपल्या ओठी बसलेले हे नाव तेथेही ऐकू यावे, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते.

आम्ही ती हिमनदी डोळ्यांनी पाहिलेली नाही; परंतु जमाखर्चाची ही भाषा आम्हांस सुर्ल्यानेच शिकविली. येथल्या डोंगरांतून लोहखनिज निघाले, बार्जींतून परदेशी गेले. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले आणि आमच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरचे हप्ते थकले. त्या खात्यात केवळ खर्चच होता. डोंगर पुन्हा साचत नाही. हिमनदी निदान दर हिवाळ्यात थोडी तरी भरते.

सुर्ल्याच्या खात्यात दर वर्षी नव्याने जमा होते ते मृगाचे पाणी, शेतातले भात आणि तुमच्यासारख्या मुलांचे शहाणपण. त्या जमेवर संसार कसा चालवावा, हे गणित आता तुम्हांलाच सोडवावयाचे आहे.