बचनबाईंचा पुलाव

बॅलार्ड इस्टेटची जमीन मुळात समुद्राची. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती आणि दगड टाकून पोर्ट ट्रस्टने तिथे २२ एकरांची भर घातली. १९१४ ते १९१८ या चार वर्षांतलं हे काम. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेट यांनीच या नव्या जमिनीवरच्या इमारतींना शिस्त लावली. सारख्या उंचीच्या, दगडी, रुंद पदपथाच्या. फोर्टच्या गर्दीतून तिकडे वळलं की मुंबईतून बाहेर पडल्यासारखं वाटतं. बोटींच्या कंपन्या, विमा कंपन्या, कस्टमचे दलाल, सगळा कारभार गोदीचा. या वस्तीत रात्री कुणी राहत नाही. सकाळी माणसं येतात आणि संध्याकाळी व्ही.टी.कडे चालत सुटतात. त्यामुळे इथलं हॉटेल चालायचं ते दुपारच्या जेवणावर. वेकफिल्ड हाउसच्या तळमजल्यावरचं 'ब्रिटानिया' वर्षानुवर्षं फक्त दुपारपुरतंच उघडं राहिलं, त्याचं कारण हेच. ते चालवणाऱ्या कोहिनूर कुटुंबाने या वस्तीचं घड्याळ ओळखलं होतं.

रशीद कोहिनूर या इराणी गृहस्थांनी हे हॉटेल १९२३ मध्ये सुरू केलं. मुंबईतल्या बहुतेक इराण्यांचे पूर्वज यझ्द आणि केरमानकडून आलेले, झरतुष्ट्राला मानणारे. पारशी शेकडो वर्षं आधी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. ही मंडळी मात्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात आली. त्यांतल्या कितीतरी जणांनी चहा, ब्रून-मस्का आणि बिस्किटांची दुकानं काढली. धोबीतलावचं 'कयानी' १९०४ चं, ग्रँट रोडचं 'मेरवान' १९१४ चं. रशीदशेठचं गिऱ्हाईक वेगळं होतं. आसपास गोऱ्या अधिकाऱ्यांची कार्यालयं, म्हणून सुरुवातीला जेवणही त्यांच्या जिभेला झेपेल असं, बिनतिखटाचं.

माझे बाबा बॅलार्ड इस्टेटला एका बोट कंपनीत कारकून होते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, मग जीपीओच्या मागून चालत ऑफिस. जेवणाचा डबा घरचा. तरी इराण्याचं नाव आमच्या घरात सतत असायचं, कारण दिवाळीच्या बोनसला त्यांचा अख्खा सेक्शन तिथे जेवायला जाई. त्या दिवशी बाबा डबा नेत नसत आणि आईला सकाळी तेवढी पोळी-भाजी कमी करावी लागे. रात्री ते जेवणाचं वर्णन करत. काय खाल्लं हे दोन वाक्यांत संपायचं, शेठचं बोलणं मात्र बराच वेळ चाले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ती जागा ताब्यात घेतली होती आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कुठे ती कुटुंबाच्या हाती परत आली, हे मी पहिल्यांदा बाबांकडून ऐकलं. युद्धाच्या काळात रशीदशेठचे चिरंजीव बोमनशेठ विशी-बाविशीचे. वडिलांच्या हाताखाली शिकून नुकते उभे राहू लागलेले, आणि दुकानाला सरकारी कुलूप. चौदा एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या बोटीचा स्फोट झाला, तेव्हाच्या आगीचा धूर बाबांनी गिरगावातून पाहिलेला. त्यामुळे त्यांच्या तोंडून युद्ध म्हटलं की गोदी आणि इराणी दोन्ही एकत्रच येत.

मी शाळेत असताना एका शनिवारी बाबांनी मला आणि आईला ऑफिस दाखवायला नेलं, आणि तिथून इराण्याकडे. त्या दिवसाचं जेवण मला आठवत नाही. खुर्ची आठवते. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, गोल पाठीची, काळपट. तिच्या पाठीच्या कमानीतून हात घातला तर लाकूड कुठेच जोडलेलं लागत नव्हतं, एकाच दांड्याने पूर्ण वळण घेतलेलं. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड आणि त्यावर काच. छत इतकं उंच की पंख्यांच्या दांड्याही लांबच लांब. भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटलेले, भिंतीवर झरतुष्ट्राची तसबीर. आईने पदर सावरून आधी टेबलाची काच बोटाने पुसून पाहिली. बोट स्वच्छ निघालं, मगच ती टेकून बसली.

बेरी पुलाव तेव्हा नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण आज ब्रिटानियाचं नाव घेतलं की लोकांना तो शंभर वर्षांपूर्वीपासूनचा वाटतो. तो आला १९८२ मध्ये. बोमनशेठच्या पत्नी बचनबाई नोकरीनिमित्ताने काही काळ इराणमध्ये होत्या. तिथे झरिश्क पोलो म्हणून भात करतात, झरिश्क नावाची बारीक, लालभडक, आंबट फळं वाळवून घातलेला. त्याची चव सौम्य. बचनबाईंनी तो भात मुंबईला आणला आणि त्यात इथला मसाला घातला. पिढ्यांपूर्वी जे घराणं इराण सोडून आलं, त्याच्या सुनेने पुन्हा तिकडे जाऊन एक पदार्थ उचलून आणावा आणि तो मुंबईच्या जिभेसाठी बदलावा, यात केवढा आत्मविश्वास आहे! मला या हॉटेलच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना वाटते. गोऱ्या साहेबांच्या गोष्टी त्यापुढे फिक्या.

पुढच्याच वर्षी मी त्या वस्तीत नोकरीला लागले. एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट-कम-क्लार्क. दिवसभर बिल ऑफ एन्ट्री टाइप करायची, कार्बन बदलायचे, न्यू कस्टम हाउसमधून परत आलेल्या कागदांवरचे शेरे वाचायचे. पहिल्या पगाराला आम्ही ऑफिसातल्या मुली इराण्याकडे गेलो. तेव्हा बायकांनी आपल्याआपण हॉटेलात जाऊन बसणं आमच्या घरांतून फारसं रुळलेलं नव्हतं. कुणी बघेल का, काय म्हणेल, असं मनात होतंच. बोमनशेठ स्वतः टेबलाशी आले, कागद-पेन्सिल घेऊन. 'दीकरा' म्हणाले आणि आमचा संकोच तिथेच संपला. उकाडा फार आहे, गोड लिंबूसोडा घ्या, असा आग्रह ते प्रत्येकाला करत. नंतरच्या वर्षांत हा आग्रह मी इतक्या लोकांना होताना ऐकला की तो मला त्या जागेचा भाग वाटू लागला.

मग तो पुलाव आला. वरून पाहिलं तर केशराने कुठे पिवळा, कुठे पांढरा राहिलेला लांब दाण्याचा भात, त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा, काजू आणि ती लाल फळं. चमचा खाली घातला की तळाशी लालसर रश्शातलं मटण लागतं आणि त्याच्या जोडीला लहान गोळ्यांसारखे कबाब. मसाला जिभेवर चढतो तेवढ्यात एखादं झरिश्क दाताखाली येतं आणि आंबट चव फुटते. ती फळं एकेक करून येतात, कधी येतील ते सांगता येत नाही. कांद्याचा गोडवा, मटणाचा तिखटपणा आणि मध्येच ही आंबट टोचणी, असं ते घासागणिक बदलत राहतं. बिर्याणीत पहिल्या घासाला जे कळतं तेच शेवटपर्यंत राहतं. इथे तसं होत नाही. शेवटी पालनजीचा रास्पबेरी सोडा आणि कॅरॅमल कस्टर्ड. त्या पगारातले किती पैसे उरले हे आईला सांगताना मी जेवणाची किंमत कमी करून सांगितली नाही, हे मला अजून बरं वाटतं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी दोघांना घेऊन गेले. आई मालवणची, मटणाच्या बाबतीत सहज खूश न होणारी. भातात आंबट फळ बघून तिने आधी भुवया उंचावल्या. मग एक झरिश्क उचललं, काचेवर ठेवलं, बोटाने दाबलं, हुंगलं. सुकवलेल्या करवंदाच्या जातीचं असेल, पण करवंदाएवढी बी नाही, असं तिने जाहीर केलं. अर्धी ताटली संपल्यावर तिने विचारलं ते एवढंच, की हा भात कुणी बसवला. वेटर म्हणाला, शेठच्या बाईने. आईने मान डोलावली. तिला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटलं. घरी येऊन तिने आमसुलं बारीक कापून, वाळवून तसा भात करून पाहिला. वेगळाच झाला, छान झाला. त्याचं नाव आमच्याकडे 'बचनबाईंचा भात' असंच पडलं, आणि माझ्या वहिनीही तो त्याच नावाने करतात.

पुढे वस्ती बदलली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनर पलीकडे जाऊ लागले. बोटींच्या कंपन्या एकेक करून नवी मुंबईकडे सरकल्या, काही कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. आमचंही ऑफिस बेलापूरला हललं. वेकफिल्ड हाउसच्या खाली मात्र शिजणारा भात तोच राहिला. फरक गिऱ्हाइकात पडला. पूर्वी गोदीचे कारकून, कस्टमचे दलाल, वकील. आता कॅमेरे घेतलेले प्रवासी, परदेशी पाहुणे, खाण्यावर लिहिणारे. बोमनशेठ नव्वदीच्या घरातही रोज येत, टेबलाटेबलांवर फिरत. इंग्लंडच्या राणीचं पत्र दाखवत. एप्रिल २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईला आले तेव्हा शेठ त्यांना ताजमध्ये भेटून आले, आणि त्या भेटीचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवस होता.

काहींना त्यांचं हे राणीप्रेम खटकायचं. मला ते समजायचं. १९२२ च्या आसपास जन्मलेला हा माणूस. वडिलांचं दुकान उभं राहिलं ते गोऱ्या लोकांच्या पोटावर, आणि युद्धात गेलं तेही त्यांच्याच हुकुमाने. दोन्ही आठवणी ज्याने डोक्यावर वागवल्या, त्याने त्यातली गोड तेवढी निवडली. आणि ते पत्र दाखवणं हा त्यांच्या लेखी पाहुणचाराचाच भाग होता. नव्याने आलेल्या माणसाला घरातली सगळ्यात मोलाची वस्तू दाखवावी, तसं. पण त्यांच्याबद्दल छापून आलेल्या गोष्टींमध्ये राणी पानभर आणि बचनबाई दोन ओळी, हे मला पटलं नाही. शेठ स्वतः तसं करत नसत. पुलावाचं कौतुक केलं की ते बायकोचं नाव घेत.

सप्टेंबर २०१९ मध्ये बोमनशेठ गेले. वय ९७. बातमी मी बेलापूरच्या ऑफिसात वाचली आणि बाबांना फोन लावला. बाबा गप्प राहिले, मग त्यांनी त्यांच्या सेक्शनमधल्या माणसांची नावं एकेक करून घेतली, बोनसच्या दिवशी कोण कुठे बसायचं ते. मी ती लिहून घेतली.

बोमनशेठच्या मुलांनी हॉटेल चालू ठेवलं. २०२३ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. मी निवृत्त आहे, तरी कुणी पाहुणा आला की त्याला तिकडे नेते. हल्लीच भाची बंगळुरूहून आली होती. भिंतीवरच्या तसबिरी पाहून ती विचारत गेली, हे कोण, ते कोण. मी सांगत गेले. मग तिने मेनू उघडला आणि बोंबील मागवू या म्हणाली. म्हटलं, मागव, पण आधी पुलाव, आणि तो कुणाचा ते ऐक. वेटर उभाच होता. मी बचनबाईंची गोष्ट सांगत होते आणि तो मध्येच दुरुस्त करत होता, कारण त्याने ती माझ्यापेक्षा जास्त वेळा सांगितली होती.