वांकणारी चौकट

नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसाजवळ दोन वस्तू हमखास शिल्लक राहतात. एक रिकामा वेळ आणि दुसरी न मागितलेला सल्ला. आम्हीं पुण्याच्या एका कारखान्यांत तीस वर्षें यंत्रांचे आराखडे काढले असल्यामुळें या दोन्ही वस्तूंचा आमच्यापाशीं भरपूर सांठा आहे. आणि गेल्या हिवाळ्यांत अमेरिकेंत, सॅन डिएगो येथें राहणाऱ्या आमच्या चिरंजिवांकडे जातांना तो सर्वच्या सर्व आम्ही सोबत नेला होता. विमानतळावरील कांट्यावर अशा सामानाचें वजन होत नाहीं, हें त्या विमान कंपनीचें दुर्दैव!

चिरंजिवांच्या मोटारखान्यांत एक चमत्कारिक वाहन उभें होतें. चार फुगीर चाकें, मध्यें खोगिरासारखी बैठक, पुढें मोटारसायकलीचें हँडल, आणि छप्पर वगैरे प्रकार मुळींच नाहीं. यास तिकडे ए.टी.व्ही. म्हणतात. १९७० सालीं होंडा कंपनीनें असें वाहन प्रथम विकावयास काढलें तेव्हां त्यास तीनच चाकें होतीं. तीन चाकांवर वळतांना तोल सांभाळणें कठीण. अपघात वाढले, आणि १९८८ सालीं अमेरिकन सरकारशीं झालेल्या तडजोडीनें कंपन्यांनीं तेथील तिचाकींची विक्री थांबविली. तोंवर चारचाकी पुढें आलीच होती. सुझुकीची क्वाडरेसर १९८५ सालीं, होंडाची टीआरएक्स २५०आर १९८६ सालीं आणि यामाहाची बॅन्शी १९८७ सालीं बाजारांत आली. शेतावर ओझीं वाहणाऱ्या आपल्या भावंडांहून हीं यंत्रें निराळीं. तीं केवळ धांवण्याकरितांच जन्मास आलेलीं!

आमच्या चिरंजिवांचें यंत्र याच कुळांतील, परंतु त्याची मागील बाजू उजवीकडे मुरडलेली दिसली. आम्हीं कारण विचारलें. बरेच आढेवेढे घेतल्यावर समजलें तें असें, कीं पांच महिन्यांपूर्वीं इंपीरियल वाळूच्या टेकड्यांवर तें यंत्र मागच्या मागें उलटलें होतें. चिरंजिवांच्या हांसळीचें हाड मोडलें होतें, आणि दीड महिना हात झोळींत होता. त्या काळांत दर रविवारीं आमचें फोनवर बोलणें होत असे. हवापाण्याची चौकशी होत असे. हाडाचा विषय मात्र एकदांही निघाला नव्हता!

आम्ही संतापलों. सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, "त्यानें कळविलें असतें, तर तुम्हीं आधीं औषधपाण्याचें विचारलें असतें, कीं आधीं रागावलां असतां?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें, म्हणूनच आम्हीं तें दिलें नाहीं.

मोडलेल्या भागास सबफ्रेम म्हणतात. एंजिन व चाकें ज्या मुख्य चौकटीवर बसतात, तिच्या मागें ही लहान चौकट चार बोल्टांनीं जोडलेली असते, आणि बैठक, मागील चिखलपत्रे व दिवा यांचा भार ती वाहते. त्या जुन्या यंत्राचा हा भाग आतां मिळत नव्हता. तो घरींच बनवावा असें चिरंजिवांच्या मनांत होतें. आमच्या हातांस कंड सुटली. "आराखडा मी काढतों," आम्हीं जाहीर केलें. आणि आमच्यापुढें नाहीं म्हणण्याची त्या घरांत वहिवाटच नव्हती.

तीन दिवसांत आम्हीं एक भक्कम आराखडा सिद्ध केला. एक इंच व्यासाची, ०.०९५ इंच जाडीची क्रोमोली नळी, दोन तिरपे टेकू, कोपऱ्याकोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या. क्रोमोली म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम यांचा अंश असलेलें पोलाद. साध्या पोलादाहून बरेंच बळकट. आमची सबफ्रेम हत्ती बसला तरी वांकली नसती.

चिरंजीव बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाबा, ही वांकायला हवी."

"म्हणजे?"

"यंत्र पुन्हा उलटलें तर तो धक्का कोठें तरी जाणारच. ही वांकली नाहीं, तर तो बोल्टांतून मुख्य चौकटीच्या कानांत जाईल, आणि ते कान फाटतील. सबफ्रेम चार दिवसांत दुसरी करतां येईल. मुख्य चौकट गेली, तर सारेंच गेलें."

आम्हीं तीस वर्षें पोलादाचा अभ्यास केला. पण वांकणें हें एखाद्या भागाचें कर्तव्य असूं शकतें, ही गोष्ट त्या क्षणीं आमच्या डोक्यांत नव्हती. तथापि आम्ही सहजासहजीं हार जाणारे नव्हतों. क्रोमोलीमुळें ताठपणा तरी वाढेल, असें आम्हीं सुचविलें. वास्तविक सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. भेद असतो तो कायमचें वांकण्यापूर्वीं किती सोसणार, यांत. हें आम्हांस पाठ होतें, पण वादाच्या भरांत पाठ केलेलें विसरतें! अखेर सात अष्टमांश इंच व्यासाची, ०.०६५ इंच जाडीची, साध्या पोलादाची नळी ठरली. दहा फूट नळीमागें दीड किलोहून अधिक वजन वांचलें.

यानंतरचे दिवस मोठ्या आनंदाचे गेले. मुख्य चौकट लोखंडी मेजावर पक्की केली. नळ्यांचीं टोंकें माशाच्या तोंडाच्या आकारांत कापून, एक नळी दुसरीवर उजेडही दिसणार नाहीं अशी बसेपर्यंत कानशीनें घासलीं. हें काम आमच्याकडे होतें. मग जागोजाग नुसते टाके मारले. शॉकवरील स्प्रिंग काढून मागील चाकें हातानें शेवटपर्यंत वर उचलून पाहिलीं. कारण उडी मारून खालीं येतांना टायर सबफ्रेमला घासला, तर साऱ्या श्रमांवर पाणी! बैठक बसली. सर्व मापें जुळलीं.

राहतां राहिलें पक्कें वेल्डिंग. चिरंजिवांनीं मशाल हातांत घेतली आणि आमचा सांठा पुन्हा उघडला. "डावी बाजू एकदांच पुरी करून टाक. सारखी बाजू बदलण्यांत वेळ कशाला दवडतोस?" चिरंजीव क्षणभर थांबले. मग त्यांनीं मुकाट्यानें डावी बाजू पुरी केली, नंतर उजवी. थंड झाल्यावर आम्हीं दोन्ही कर्ण मोजले. शेपटाकडील टोंक डावीकडे पांच मिलिमीटर सरकलें होतें. वितळलेला धातु निवतांना आखडतो आणि जी बाजू आधीं जोडावी तिकडे सांगाडा ओढून घेतो. यासाठींच थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे, मध्यें थंड होऊं देत जोडावयाचें असतें.

"तुला हें ठाऊक होतें?" आम्हीं विचारलें.

"होतें."

"मग बोलला कां नाहींस?"

चिरंजीव मोजपट्टी गुंडाळीत म्हणाले, "तुमच्यापुढें बोलायची संवय नाहीं, बाबा."

त्या शब्दांत राग नव्हता. एखादें माप वाचून दाखवावें तसे ते उच्चारले गेले. म्हणूनच ते आमच्या जिव्हारीं लागले. पांच महिने न कळविलेलें हाड आणि हें पांच मिलिमीटरांचें अंतर एकाच कारणानें उत्पन्न झालें होतें. आम्हीं घर चालविलें तें आमच्या पहिल्या आराखड्याप्रमाणें. त्यांत वांकणारा भाग कोठें ठेवलाच नव्हता. मग प्रत्येक धक्का मुलाच्याच वांट्यास जावा, यांत नवल तें काय?

दुसऱ्या दिवशीं चार सांधे कापले. नव्या नळ्या पुन्हा आम्हींच घासल्या. या वेळीं चिरंजीव सांगत गेले आणि आम्ही धरीत गेलों. सांधा लवकर निवावा म्हणून आम्ही पाणी आणावयास निघालों, तोंच ते मोठ्यानें म्हणाले, "नको! आपोआप थंड होऊं द्या." आमच्यावर ते असे प्रथमच ओरडले, आणि सांगावयास आश्चर्य वाटतें, आम्हांस तें फार बरें वाटलें. सायंकाळीं कर्ण मोजले तेव्हां फरक एक मिलिमीटरहून कमी होता.

फेब्रुवारींत आम्ही त्या वाळूच्या टेकड्यांवर गेलों. तेथें प्रत्येक यंत्रावर जमिनीपासून आठ फूट उंच निशाण लावावें असा नियम आहे, म्हणजे टेकडीपलीकडून येणारा दिसतो. चिरंजीव निघाले. यंत्र एका कड्यावर चढलें व पलीकडे दिसेनासें झालें. मग नुसतें निशाण दिसत राहिलें. मग तेंही नाहीं. सौभाग्यवतींनीं आमची बाही घट्ट धरली होती. कांहीं वेळानें दूरच्या टेकडीवर तें तांबडें निशाण पुन्हा वर आलें.

परत येतांच चिरंजीव वांकून सांधे तपासूं लागले. सांधे शाबूत होते. "कसें वाटलें बाबा?" त्यांनीं खालूनच विचारलें. वाळूच्या उताराविषयीं, टायरांतील हवेविषयीं दोन सल्ले आमच्या जिभेवर तयार होते. ते आम्हीं गिळले.

"भीति वाटली," आम्ही म्हणालों.

चिरंजिवांनीं मान वर करून आमच्याकडे पाहिलें. "मलाही," ते म्हणाले, आणि आमच्या शेजारीं वाळूंत येऊन बसले.