वाढप

मराठीत 'वाढणे' या एका क्रियापदाला अनेक कामे करावी लागतात. मूल वाढते, पीक वाढते, आणि ताटात भाकरीही वाढली जाते. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. सवाशिणीच्या हातची बांगडी फुटली तरी 'वाढवली' असेच म्हणायचे. शब्दकोशकार या अर्थांची संगती कशी लावतात ते त्यांना ठाऊक. परंतु जी भाषा फुटण्यालाही वाढणे म्हणते, तिने भुकेल्याच्या पानात अन्न घालण्यासाठी हाच शब्द योजावा, याचे आम्हांला कधी नवल वाटले नाही. इंग्रजीतला 'वेटर' मात्र शब्दशः वाट पाहणारा. कोणी कोणाची वाट पाहायची याचा थोडासा उलगडा आम्हांला २०२५ सालच्या मे महिन्यात पुण्यात झाला. तोच येथे सांगायचा आहे.

आमचे गाव रोहिणखेड. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ते वसले आहे. १४३७ साली बहमनी सरदाराने खानदेशच्या फारुकी सुलतानाला येथेच पराभूत केले आणि त्याच गावात खुदावंतखान महदवीने १५८२ साली एक सुबक मशीद उभारली, हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो; ऐकणारा मात्र हे गाव नक्की कोठे आले, असे विचारतो. ते असो. या गावाने आम्हांला जे शिकवले त्यात पंगतीत वाढणे हा मोठाच विषय आहे. लग्न असो वा तेरवी, शेतातल्या झाडाखाली रोडग्यांचे जेवण असो, वाढप्याला येथे मान असतो. कमरेला टॉवेल बांधून, हातात वरणाची बादली घेऊन तो ओळीतून फिरतो. त्याची नजर जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नसते, पानाकडे असते. शेवटच्या माणसाचे होईपर्यंत तो स्वतः जेवत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा कडक असतो. ज्याचे दात गेले आहेत अशा म्हाताऱ्यासमोर वाढपी न सांगता खाली बसतो, रोडगा हाताने कुस्करतो, त्यावर वरण आणि तूप ओततो आणि मगच पुढे सरकतो. हे करताना तो कोणावर उपकार करत नसतो. पंगतीत तसेच करायचे असते, एवढेच त्याला माहीत असते.

आमच्या बाबांचे आणि आईचे लग्न १९७५ सालचे. त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून कृतज्ञतेची पवित्र मिस्सा अर्पण झाली, धर्मगुरूंनी दोघांना आशीर्वाद दिला, भाऊबंदांचे जेवण झाले. आमचे चिरंजीव पुण्यास एका कारखान्यात नोकरी करतात. आजी-आजोबांना आपल्या कमाईचे काही खाऊ घालावे, तेही असे की जे त्यांनी जन्मात खाल्ले नसेल, अशी त्यांची इच्छा. महिनाभर आधी फोन करून त्यांनी शहरातील एका नामांकित स्टेकगृहात पाच जणांसाठी टेबल राखून ठेवले. त्या जागेचे नाव आम्ही येथे देत नाही.

स्टेक म्हणजे काय, हे मुंबई-वसई-गोव्याकडील वाचकांना सांगायला नको. वऱ्हाडातील आमच्यासारख्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. मांसाचा जाड तुकडा, मीठ-मिरीखेरीज फारसे काही न लावता, तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर काही मिनिटांत भाजायचा. आतून लाल हवा, गुलाबी हवा की पुरता भाजलेला, ते खाणाऱ्याने आधी सांगायचे. सगळी मदार मांसावर आणि त्या मिनिटांवर. जनावराच्या कण्याला आतून लागून असलेला, फारसे कष्ट न करणारा स्नायू, ज्याला मुंबईकडचे खाटीक 'अंडरकट' म्हणतात, तो या झटपट भाजण्याला साजेसा असतो. मान, खांदा, पाय यांचे मांस, विशेषतः म्हाताऱ्या जनावराचे, मंद आचेवर तासन्‌तास रटरटावे लागते. तेव्हा कोठे त्यातील चिवट धागे विरघळतात. आपल्या आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, तरी मटण चुलीवर किती वेळ ठेवायचे ते त्यांना अचूक समजे.

साडेसातची वेळ ठरली होती. आम्ही सव्वासातला दाराशी उभे होतो. आत निम्मी टेबले रिकामी दिसत होती, तरी 'तुमचे टेबल तयार होत आहे' असे सांगण्यात आले. चाळीस मिनिटे गेली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही एक खुर्ची मागितली. खुर्च्या फक्त आतल्या पाहुण्यांसाठी आहेत, असे उत्तर आले. मग आम्ही कोण होतो, हा प्रश्न आम्ही मनातच ठेवला. चिरंजीव पुनःपुन्हा घड्याळाकडे आणि आजोबांकडे पाहत होते. बाबा मात्र दारावरची पितळी मूठ निरखीत शांत उभे होते. पन्नास वर्षांपूर्वीचे आपले धोतर आज पुन्हा नेसून ते आले होते, आणि दारावरचा माणूस त्या धोतराकडे ज्या रीतीने पाहत होता ती आम्हांला विसरता येत नाही.

आत अंधुक उजेड, इंग्रजीतली यादी, विचारल्याविना उघडलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. चिरंजीवांनी तीन स्टेक मागवले, 'पूर्ण भाजलेले' असे दोनदा बजावून. आईसाठी भाज्यांचा पदार्थ, एक मासा, दोन सूप. वाढणारा मुलगा विशीतला, दूरच्या कोठल्यातरी प्रांतातला वाटला. त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. आईला गरम पाणी हवे आहे हे त्याने तिच्या खोकल्यावरून ओळखले आणि व्यवस्थापकाची पाठ वळताच आतून एका स्टीलच्या पेल्यात आणून दिले. त्या संध्याकाळी तेवढे एकच वाढणे आमच्या ओळखीचे होते.

तासाभराने ताटल्या आल्या. मांस बाहेरून करपलेले, आतून गार आणि रक्ताळलेले. बाबांनी सुरी टेकवली, मग ती खाली ठेवली आणि त्या मुलाला आपल्या बोलीत विचारले, "हे कायचं हाये रे, बाबू?"

मुलाला भाषा कळली नाही, तेव्हा चिरंजीवांनी हिंदीत विचारले. तो म्हणाला, "स्टेक है, सर." स्टेक कोणत्या जनावराचा, असे विचारताच तो गोंधळला. आधी बीफ म्हणाला, मग बफ म्हणाला, मग आत विचारून येतो असे सांगून गेला. तो परत आला तो तीच ताटली पुन्हा भाजून नेण्यासाठी. उत्तर त्याच्याजवळ नव्हते. अर्ध्या तासाने ती ताटली जोड्याच्या तळव्यासारखी होऊन आली. एव्हाना आमच्या पानांतले गार झाले होते. बाबांनी मांसाला हात लावला नाही, शेजारचे उकडलेले बटाटे तेवढे खाल्ले. व्यवस्थापकास बोलावले तर त्यांनी हा पदार्थ सर्वांना आवडतो, आजवर असे कोणी विचारले नाही, असे सांगितले, आणि पाहुण्यांना कदाचित या प्रकारची सवय नसावी, अशी सभ्य इंग्रजीत पुस्ती जोडली.

बाबांच्या प्रश्नाचे कारण येथे सांगितले पाहिजे. त्यांनी जन्मभर बैलांनी शेती केली. आजही दाराशी एक जोडी आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातल्या सर्वांप्रमाणे आमच्याकडेही हळद-तुपाने बैलांचे खांदे शेकतात. पूजा आम्ही करीत नाही, परंतु दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास त्यांच्याच तोंडी जातो. ख्रिस्तसभेने कोणतेही मांस निषिद्ध ठरवलेले नाही, हे बाबांना चांगले ठाऊक आहे. बकरा, कोंबडी, मासळी त्यांना चालते. ज्याने आपल्यासाठी मान वाकवून जू ओढले त्याला खायचे नाही, एवढाच त्यांचा नेम. तो त्यांनी दुसऱ्यावर कधी लादलेला नाही.

उत्तर देणे अवघडही नव्हते. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे; मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हशीला ती लागू नाही, मात्र ते जनावर दूध वा पैदाशीच्या कामाचे उरलेले नाही असा दाखला लागतो. यातून दोन गोष्टी निघतात. येथील ताटलीत बहुधा म्हशीचे मांस असणार, आणि ते कोवळे असण्याचा संभव कमी. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी कायम ठेवली खरी, तथापि राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हणजे ताटातल्या तुकड्याकडे पाहून कायद्याच्या आधारे तर्क करता येतो, खात्री देता येत नाही. खात्री फक्त स्वयंपाकघर देऊ शकते. (म्हातारा बैल आता शेतकऱ्याने सांभाळायचा कसा, हा या कायद्यातला दुसरा प्रश्न, तो आमच्या गावात रोज निघतो, पण येथे नको.)

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात या प्रकरणाचा विचार केला आहे, तो आम्ही परतीच्या प्रवासात बसमध्ये वाचला. बाजारात विकले जाणारे मांस फार चौकशा न करता खावे, असे तो सांगतो. आणि दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला ठेच लागत असेल तेथे ते सोडून द्यावे, असेही तोच सांगतो. पौलाचा रोख खाणाऱ्याकडे आहे. विकणाऱ्याने, वाढणाऱ्याने काय करावे हे त्याने तेथे लिहिलेले नाही. त्यासाठी आम्हांला काना गावच्या लग्नाकडे वळावे लागते. तेथे द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेच्या ध्यानात आले, तेव्हा कोणी तिच्याकडे तक्रार घेऊन गेले होते, असे शुभवर्तमानात कोठे म्हटलेले नाही. ती पाहुणी होती. तरी तिची नजर वाढप्याची होती.

बिल आले ते असे: खाद्यपदार्थ व पाणी ७,३०० रुपये, दहा टक्के सेवाशुल्क ७३०, त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर ४०१ रुपये ५० पैसे, एकूण ८,४३१ रुपये ५० पैसे. त्या हंगामात सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये हमीभाव दिला होता. हा हिशेब बाबांनी तेथेच बोटांवर केला, पण मोठ्याने बोलले नाहीत. नातवाच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले. सेवाशुल्क काढून टाकावे, अशी विनंती चिरंजीवांनी केली. तो आमचा नियमच आहे, असे उत्तर मिळाले.

वाचकांच्या माहितीसाठी लिहितो की तसा नियम कोणास करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात जोडायचे नाही. ते देणे न देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना ग्राह्य ठरवल्या. आमचे जेवण त्यानंतरचे. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा घेतलेल्या वस्तूचा दर्जा आणि शुद्धता यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे सणासमारंभाला आता अशा ठिकाणी जातात. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक घरात लिहून ठेवावा. पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, त्या शहरात हे घडावे याचे वाईट वाटते.

त्या रात्री पैसे भरून आम्ही बाहेर पडलो. गरम पाणी आणून देणाऱ्या मुलाच्या हातात आईने आपल्या बटव्यातली शंभराची नोट ठेवली. सेवाशुल्कातले त्याच्या वाट्याला काही येते का, असे तिने आम्हांला वाटेत विचारले. आम्ही काय सांगणार? रस्त्यावर एका गाडीवाल्याकडे बाबांनी वडापाव खाल्ला, आणि 'हे कायचं हाये' असे न विचारता खाल्ला, तेव्हा कोठे चिरंजीव हसले. परंतु खोलीवर गेल्यावर ते बराच वेळ गच्चीत एकटे उभे होते. महिनाभर त्यांनी या संध्याकाळची वाट पाहिली होती.

पुढे त्यांनी रीतसर तक्रार नोंदवली आणि त्या स्टेकगृहास एक पत्रही लिहिले. पत्रात दोनच मुद्दे: सेवाशुल्क परत करावे, आणि त्या दिवशी ताटलीत कोणत्या जनावराचे मांस होते ते कळवावे. तीन आठवड्यांनी ७३० रुपये खात्यात जमा झाले. सोबत आलेल्या उत्तरात दिलगिरी होती, पुढील भेटीत सूट देण्याचे आश्वासन होते. दुसऱ्या मुद्द्याचा उल्लेख नव्हता. चिरंजीवांनी स्मरणपत्र पाठवले.

ऑगस्टात पोळा आला. आदल्या संध्याकाळी बाबा गोठ्यात बैलांचे खांदे शेकत होते, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. हळदीच्या हाताने त्यांनी तो कानाला लावला, पावसापाण्याचे बोलणे झाले, आणि मग त्यांनी विचारले, "त्यायनं सांगतलं का रे, कायचं होतं ते?"

अजून नाही, असे तिकडून उत्तर आले.